दोन गाद्या, एकच लेबल: झोपून पाहताना नेमकं काय तपासायचं?

दुकानात दोन गाद्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. दोन्ही ७८ बाय ७२, दोन्ही ६ इंची, दोन्हींवर ‘ऑर्थोपेडिक’ लिहिलेलं, दोन्हींना १० वर्षांची वॉरंटी, किमतीत दोन-तीन हजारांचा फरक. विक्रेता म्हणतो, “झोपून बघा ना.” चपला काढून आपण दोन मिनिटं उताणे पडतो, लोकांसमोर लोळायचं म्हणून जरा अवघडूनच, आणि अंगाला जी मऊ लागते ती घेऊन येतो. वर्षभरानं सकाळी उठताना कंबर धरलेली असते आणि गादीच्या मध्यभागी खळगा पडलेला असतो.

त्या दोन मिनिटांत आपण गादीचा एकच गुण तपासलेला असतो. दुसरा गुण, ज्यावर पाठीची पुढची सात-आठ वर्षं अवलंबून असतात, तो दोन मिनिटांत कळतच नाही. तो कसा ओळखायचा, ते इथे पाहू.

## आराम वेगळा, आधार वेगळा

बोलताना आपण ‘मऊ गादी’ आणि ‘कडक गादी’ एवढे दोनच शब्द वापरतो. गादी मात्र दोन कामं करते. वरचा एक-दोन इंचाचा थर खांदा, खुबा, टाच अशा टोकदार भागांखाली दबतो आणि त्या जागी रग लागू देत नाही. हा आराम. खालचा चार-पाच इंचाचा गाभा शरीराचं वजन पेलतो आणि कंबर खाली जाऊ देत नाही. हा आधार.

शरीर सगळीकडे सारखं जड नसतं. डोकं आणि पाय त्या मानानं हलके, तर छाती आणि कंबर-नितंबाचा भाग जड. गाभ्यानं हा जड भाग पेलला नाही, तर तो खाली जातो आणि दोरीवर मधोमध ओली चादर वाळत घातल्यावर दोरीला झोळ येतो तसा पाठीच्या कण्याला झोळ येतो. मग कण्याभोवतीचे स्नायू रात्रभर त्याला सावरत बसतात. आपण झोपतो, ते झोपत नाहीत. उठल्यावर कंबर आखडलेली आणि तासाभरानं हिंडल्या-फिरल्यावर मोकळी, असं रोज होत असेल तर बऱ्याचदा गादीचा संबंध असतो.

उलट टोकालाही त्रास आहेच. गादी फारच कडक असेल तर कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा आत जात नाहीत, कंबर अधांतरी राहते, हात मुंग्या येऊन बधिर होतो आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो.

म्हणजे चांगली गादी वरून दबणारी आणि आतून न ढळणारी हवी. हे दोन्ही गुण एकाच गादीत असू शकतात, आणि दिसायला सारख्या दोन गाद्यांमधला फरक नेमका इथेच असतो.

## स्कूटरचा शॉक अब्सॉर्बर आणि गादीचा गाभा

एकटा माणूस स्कूटरवर बसला की दोन स्कूटर सारख्याच वाटतात. मागे दुसरा माणूस बसला, पुढे गव्हाचं पोतं ठेवलं आणि खड्डा आला, की फरक कळतो. एकीचा शॉक अब्सॉर्बर हळूहळू दबत जड होत जातो, तर दुसरीचा एकदम तळाला टेकतो आणि ‘धाड’ असा आवाज येतो. पहिल्या इंचाला दोन्ही सारख्याच मऊ होत्या. फरक तळाशी होता.

फोमचंही तसंच असतं आणि ते मोजता येतं. १५ बाय १५ इंचाचा, ४ इंच जाड तुकडा घेतात आणि त्यावर ८ इंच व्यासाची गोल चकती दाबतात. तुकडा एक चतुर्थांश म्हणजे २५ टक्के दबायला किती जोर लागला ते टिपतात, मग ६५ टक्के दबायला किती लागला ते. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की जो आकडा येतो त्याला सपोर्ट फॅक्टर म्हणतात. आपण त्याला आधार-गुणोत्तर म्हणू. पहिल्या टप्प्याला १०० न्यूटन आणि दुसऱ्याला १८० लागले तर गुणोत्तर १.८, १०० आणि २६० लागले तर २.६. साध्या फोमचं गुणोत्तर साधारण २ च्या आत-बाहेर असतं. ‘एचआर’ म्हणजे हाय रेझिलियन्स फोमचं, जो दाबल्यावर चटकन उसळून येतो त्याचं, २.४ च्या आसपास किंवा वर जातं.

दोन्ही उदाहरणांत पहिला आकडा १०० च आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे तळहातानं दाबून पाहिलं तर दोन्ही गाद्या तंतोतंत सारख्या लागतील. गादी तळहातानं दाबून पारखायची आपली सवय म्हणूनच फसवी आहे. हात फक्त वरचा थर वाचतो.

दुकानदाराकडे हे गुणोत्तर लिहिलेलं क्वचितच सापडतं. पण त्याची ढोबळ परीक्षा जागेवर करता येते. गादीच्या मध्यभागी एक गुडघा टेकवा आणि शरीराचा बराचसा भार त्या गुडघ्यावर द्या. खालच्या प्लायवूडचा कठीणपणा गुडघ्याला जाणवला तर गाभा तळाला टेकला, असं समजा. जसजसा भार वाढवाल तसतशी गादी जास्त प्रतिकार करते असं वाटलं तर गाभा ठीक आहे. दोन्ही गाद्यांवर हे लागोपाठ करा. फरक असेल तर लगेच कळतो.

## डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे

गाद्यांच्या बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ या एका शब्दानं घातला आहे. डेन्सिटी म्हणजे घनता: एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा फोमच्या ठोकळ्याचं किलोत वजन. ‘३२ डेन्सिटी’ म्हणजे असा ठोकळा ३२ किलोचा. बस, इतकंच. तो मऊ की कडक, हे या आकड्यावरून कळत नाही. ४० घनतेचा मऊ फोम मिळतो आणि २३ घनतेचा कडक फोमही मिळतो, कारण कडकपणा रसायनांचं प्रमाण बदलून ठरवतात.

मग घनता सांगते काय? टिकाऊपणा. फोम म्हणजे जाळीदार पाव. पावात पीठ कमी आणि हवा जास्त असली की तो दिसतो फुगीर, पण एकदा दाबला की पुन्हा वर येत नाही. कमी घनतेच्या फोममध्ये जाळीच्या भिंती पातळ असतात. रोज सात-आठ तास, वर्षाला ३६५ रात्री त्याच जागी भार पडला की त्या भिंती मोडतात आणि गादी ‘बसते’. म्हणून कमी घनतेचा कडक फोम सगळ्यात घातक: दुकानात भक्कम वाटतो आणि सहा महिन्यांत नरम पडतो.

मोठ्या माणसाच्या रोजच्या गादीसाठी गाभ्याचा फोम ३२ घनतेच्या खाली नसावा. वजन ८०-८५ किलोच्या पुढे असेल तर ४० च्या आसपासचा पाहावा. मेमरी फोमची, म्हणजे अंगाच्या उबेनं मऊ होऊन शरीराचा आकार घेणाऱ्या फोमची, मोजपट्टी वेगळी आहे, तिथे ५० आणि त्याहून वर असेल तर ठीक. पाहुण्यांसाठी वर्षातून पंधरा दिवस लागणारी गादी असेल तर २८ चालून जातं, तिथे पैसे वाया घालवू नयेत.

## तराजू खोटं बोलत नाही

आता सुरुवातीच्या दोन गाद्या उघडून पाहू. दोन्हींच्या पत्रकावर ‘वर मेमरी फोम, खाली सपोर्ट फोम’ असंच लिहिलंय. पहिलीत २ इंच मेमरी फोम ४० घनतेचा आणि त्याखाली ४ इंच गाभा ३० घनतेचा. दुसरीत मेमरी फोम १ इंचच, पण ६० घनतेचा आणि गाभा ५ इंच, ४० घनतेचा.

दुकानात पहिलीच जास्त आवडणार. दोन इंच मेमरी फोम अंगाला छान मिठी मारतो, दुसरी जरा साधी वाटते. पण वजन करून पाहा. हिशोब सोपा आहे: लांबी, रुंदी, जाडी फुटांत गुणा, घनतेनं गुणा आणि ३५ नं भागा. ७८ बाय ७२ बाय ६ इंच म्हणजे साडेसहा गुणिले सहा गुणिले अर्धा, म्हणजे १९.५ घनफूट. थर वेगवेगळे मोजले तर पहिली गादी भरते साधारण साडेअठरा किलो आणि दुसरी २४ किलो. उंची, कापड, लेबल सगळं तेच, आणि आत साडेपाच किलो फोम जास्त. अस्तराचं वजन एक-दोन किलो वर धरा.

म्हणून दुकानदाराला प्रत्येक थराची जाडी आणि घनता विचारा, ती बिलावर लिहून घ्या आणि घरी गादी आली की वजनकाट्यावर चढवा. एकट्याला जमणार नाही. दोघांनी गादी उभी गुंडाळून धरायची, एकानं ती कवेत घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि नंतर त्याचं स्वतःचं वजन वजा करायचं. एखाद-दुसऱ्या किलोचा फरक चालतो. सांगितलेल्यापेक्षा चार-पाच किलो कमी भरली तर आतला फोम सांगितलेला नाही. विक्रेता घनता सांगायलाच तयार नसेल, ‘ते कंपनीचं सिक्रेट आहे’ म्हणत असेल, तर ती गादी सोडून द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

इथे एक सावधगिरी हवी. फोममध्ये चुन्याच्या दगडाची पूड मिसळूनही वजन वाढवता येतं. त्यानं घनतेचा आकडा चढतो, जाळी मात्र मजबूत होत नाही. म्हणून ‘फिलर नाही’ हेही लेखी मागायचं.

## घनतेची तुलना एकाच जातीत करायची

“ही बघा, ९० डेन्सिटी!” असं सांगून ज्या गाद्या विकतात त्या बहुधा बाँडेड फोमच्या असतात. फोमच्या कारखान्यातली रंगीबेरंगी कात्रणं बारीक करून, चिकटद्रव्य घालून, दाबून त्याच्या लाद्या करतात. वजनदार आणि कडक असतात. ज्यांना जवळपास जमिनीसारखं झोपायचंय त्यांच्यासाठी हा स्वस्त आणि कामाचा पर्याय आहे. पण त्यातले ९० आणि एचआर फोममधले ४० यांची तुलना करणं म्हणजे नारळ आणि लिंबं एकाच मापानं मोजणं. ९० मोठा म्हणून ती गादी दुप्पट चांगली ठरत नाही.

कॉयरच्या गादीत नारळाच्या सोडणाचे तंतू असतात. ते आधी दोरासारखे पिळून कुरळे करतात, मग त्यावर रबराचा चीक फवारून उष्णतेत दाबतात. हवा खेळते, त्यामुळे उकाड्यात बरी. कालांतरानं रबर सुकतं, तंतू तुटतात, भुसा पडायला लागतो आणि कंबरेखालची जागा कायमची दबते. दाबून सोडल्यावर करकर आवाज आला आणि खाली तपकिरी भुसा दिसला की तिचे दिवस भरले.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या चिकाचा फेस करून भाजलेली लादी. आधार-गुणोत्तर उत्तम, टिकाऊपणा उत्तम, किंमत आणि वजन दोन्ही भारी. ‘नॅचरल’ लिहिलेलं असलं तरी शंभर टक्के चीक आहे की कृत्रिम रबर मिसळलंय, ते विचारायचंच.

स्प्रिंगच्या गाद्यांत दोन जाती. बॉनेल, ज्यात सगळ्या स्प्रिंगा तारेनं एकमेकींत अडकवलेल्या असतात, आणि पॉकेट, ज्यात प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत असते. एकानं कूस बदलली की दुसऱ्याला हिंदोळा बसतो तो बॉनेलमध्ये जास्त. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे आकडा मोठा म्हणजे तार बारीक, हे उलटं गणित ध्यानात ठेवा.

मेमरी फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो. १९६६ मध्ये अमेरिकेत नासासाठी विमानाच्या आसनांवर काम करताना तो तयार झाला. त्याचा हा स्वभाव आपल्याकडे फार महत्त्वाचा ठरतो. शोरूममध्ये एसी २३-२४ अंशांवर असतो. तिथे जी गादी ‘मध्यम’ लागते ती नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पंख्याखाली, बरीच जास्त खचते आणि अंगाभोवती ऊब धरून ठेवते. तीच गादी महाबळेश्वरच्या डिसेंबरमध्ये पहिली दहा मिनिटं फळीसारखी वाटते. एसी नसलेल्या घरात मेमरी फोमचा थर एक-दीड इंचाच्या वर नको.

## दुकानात पंधरा मिनिटं कशी घालवायची

सैलसर कपडे घालून जा, जेवून लगेच जाऊ नका, आणि घरातली उशी सोबत न्या. उशी न्यायला लोक लाजतात, पण शोरूममधल्या फुगीर उशीवर मान वेगळ्याच कोनात राहते आणि गादीचा निकाल चुकतो. सोबत घरातलं एक माणूस हवंच, कारण आपली पाठ आपल्याला दिसत नाही.

आधी उताणे झोपा. पाय सरळ. तळहात पालथा करून कंबरेखाली, पाठीची कमान असते तिथे, सरकवून पाहा. हात सहज आरपार जातो आणि मधे पोकळी राहते, तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. हात घुसतच नाही, घुसवायला कंबर उचलावी लागते, तर कंबर खचली आहे. हात थोड्या जोरानं जातो आणि वर-खाली दोन्हीकडून त्याला स्पर्श जाणवतो, ही बरोबर स्थिती.

मग कुशीवर. रोज ज्या कुशीवर झोपता त्याच. गुडघे नेहमीसारखे दुमडा आणि सोबतच्या माणसाला मागून, गादीच्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढायला सांगा. फोटोत मानेचा मणका, दोन खांद्यांच्या मधला बिंदू आणि माकडहाड एका आडव्या रेषेत यायला हवेत. कंबरेपाशी रेषा खाली झुकली तर गाभा कमजोर. खांद्यापाशी वर उचलली गेली तर वरचा थर अपुरा. दोन्ही गाद्यांवरचे फोटो शेजारी ठेवले की विक्रेत्याचं बोलणं ऐकायची गरज उरत नाही.

शेवटी प्रत्येक गादीवर किमान सात-आठ मिनिटं नुसतं पडून राहा. पहिल्या मिनिटाला स्नायू ताणलेले असतात, ते सैल पडल्यावर शरीर आणखी खाली जातं. मेमरी फोमला तर आकार घ्यायलाच तीन-चार मिनिटं लागतात. उठताना कडेवर बसून पाहा. कड एकदम बसत असेल तर गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना रोज त्रास होणार. बसल्यावर पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे. १८ इंच उंच बॉक्स-बेडवर १० इंची गादी टाकली की २८ इंच होतात, ही उंची घरातल्या वयस्कर माणसांसाठी चुकीचीच. ६ इंची चांगली गादी ही १० इंची हलक्या गादीपेक्षा केव्हाही सरस.

## “पण डॉक्टरांनी कडक गादी सांगितली आहे”

पाठदुखीला कडक गादी किंवा सरळ फळी, हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. स्पेनमध्ये ३१३ पाठदुखीग्रस्तांवर याची नीट तपासणी झाली आणि निष्कर्ष २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. अर्ध्या लोकांना कडक आणि अर्ध्यांना मध्यम-कडक गाद्या दिल्या. कोणाला कोणती, हे झोपणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. ९० दिवसांनी मध्यम-कडक गादीवाल्यांना अंथरुणातलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि हालचालींतली अडचण, तिन्ही कमी होतं.

हे दीर्घकाळच्या साध्या कंबरदुखीबद्दल झालं. मणक्याची शस्त्रक्रिया, फ्रॅक्चर, मणक्यांमधली सरकलेली गादी (तिलाही गादीच म्हणतात!) असेल तर तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. फक्त त्यांना विचारा: “कडक म्हणजे न खचणारी, की वरूनही टणक?” बहुतेकदा त्यांना न खचणारी म्हणायचं असतं. आणि ‘ऑर्थोपेडिक’ हा लेबलावरचा शब्द म्हणजे मोजमाप नाही. त्याच्या मागे कोणती चाचणी आहे ते विचारा. उत्तर आलं नाही तर तो शब्द कापडावरच्या फुलांच्या नक्षीइतकाच समजा.

एक वर्षाखालच्या बाळाचा नियम मात्र वेगळा आणि पक्का आहे: सपाट, टणक पृष्ठभाग, उशी नाही, मेमरी फोम मुळीच नाही. मऊ गादीत तोंड रुतून श्वास अडू शकतो. आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला जखमा होऊ नयेत म्हणून लागते ती हवेची गादी. तो विषयच निराळा.

## “आमचे आजोबा घोंगडीवर झोपायचे, त्यांची पाठ ताठ होती”

खरं आहे. उताणं झोपणाऱ्या, शिडशिडीत, दिवसभर उठबस करणाऱ्या माणसाला जमीन आणि त्यावर गोधडी पुरते, आजही पुरते. मात्र जाड अंगाच्या, कुशीवर झोपणाऱ्या आणि दिवसाचे नऊ तास खुर्चीत काढणाऱ्या माणसाला तीच जमीन खुब्याला आणि खांद्याला टोचते. सवयीचा भागही मोठा आहे.

कापसाच्या गादीबद्दलही लोक हळहळतात, आणि ते रास्तच आहे. तिच्यात एक गुण असा होता की ती दुरुस्त व्हायची. गाठी झाल्या, बसली, की पिंजारी पिंजणावर कापूस पुन्हा मोकळा करायचा, थोडा नवा घालून गादी भरून टाके घालून द्यायचा. फोमची बसलेली गादी कोणी पिंजून देत नाही. म्हणूनच ती घेताना आतला माल पाहून घ्यावा लागतो.

## दोघांची वजनं वेगळी, सवयी वेगळ्या

एक ५० किलोचा आणि दुसरा ९० किलोचा असेल तर एकाला मध्यम लागणारी गादी दुसऱ्याला मऊ लागते. एकाच गादीत मधला मार्ग काढण्यापेक्षा ७८ बाय ३६ च्या दोन गाद्या शेजारी ठेवून वर एक पातळ थर आणि एकच चादर टाकणं जास्त सोयीचं. जुन्या चाळीच्या किंवा अरुंद जिन्याच्या घरात वर चढवायलाही हेच सोपं. ७२ इंच रुंद स्प्रिंगची गादी वळणावर वाकवता येत नाही.

गादी बदलली की उशीही तपासा. मऊ गादीत खांदा आत जातो, म्हणून उशी पातळ लागते. कडक गादीवर जाड. नव्या गादीवर मान दुखली की दोष गादीला देतात, आणि चूक बऱ्याचदा जुन्या उशीची असते.

## ऊन दाखवू नका

कापसाच्या गादीला दिवाळीआधी गच्चीवर ऊन दाखवायचं, ही चांगली रीत. फोम आणि लॅटेक्सला मात्र हीच रीत मारक ठरते. उन्हातल्या अतिनील किरणांनी फोम पिवळा पडून भुसभुशीत होतो, तर लॅटेक्स चिरमटून त्याला भेगा जातात. त्यांना सावलीत, वाऱ्यात, भिंतीला टेकून उभं करा.

कोकण, गोवा, मुंबईच्या पावसाळ्यात खरा शत्रू खालून येतो. माणसाच्या अंगातून रात्री निघालेली वाफ गादीतून खाली उतरते आणि बॉक्स-बेडच्या सलग प्लायवर अडकते. जुलै-ऑगस्टमध्ये गादी उचलून पाहिली तर प्लायवर आणि कापडावर काळे ठिपके दिसतात, ती बुरशी. उपाय दोन. प्लायला हातभर अंतरावर एक-एक इंचाची भोकं पाडून घ्या, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला गादी दोन तास उभी ठेवून खाली पंखा लावा. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमधली फट तीन इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर चांगला फोमही फटीत उतरतो.

डोक्याची बाजू पायाकडे, असं दर तीन महिन्यांनी फिरवा. वरचा थर वेगळा असलेली गादी पालथी घालायची नाही.

## वॉरंटीतला खळगा

‘१० वर्षं वॉरंटी’ म्हणजे दहा वर्षं मऊ राहण्याची हमी नाही. बहुतेक अटींमध्ये लिहिलेलं असतं की माणूस उठल्यावरही राहणारा खळगा ठरावीक खोलीपेक्षा, बहुधा एक ते दीड इंचापेक्षा जास्त हवा. तो मोजायचा असा: चादर काढा, गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरा आणि सगळ्यात खोल जागी पट्टी उभी धरून सुतळीपासूनचं अंतर पाहा. पट्टीवरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. पाऊण इंच भरला तर दावा फेटाळला जातो, पण कंबर मात्र दुखतेच. म्हणून दोन गाद्यांत निवडताना वर्षांची तुलना करू नका, या खोलीची करा.

अटींत ‘प्रो-राटा’ शब्द आहे का तेही पाहा. म्हणजे जितकी वर्षं वापरली तितकी किंमत कापून उरलेलीच भरपाई. २०,००० ची गादी सहाव्या वर्षी बसली तर नवीसाठी निम्म्याहून जास्त पैसे तुम्हीच भरता. डाग पडला की वॉरंटी संपते, ही अट जवळपास सगळीकडे असते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून खोळ घाला. ‘१०० रात्री वापरून परत करा’ अशा योजनेत परत न्यायला कोण येणार, पैसे पूर्ण मिळणार की कापून, आणि मूळ पिशवी लागते का, हे आधीच लेखी घ्या. बिल जपा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे.

## तरीही दोन्ही बरोबरीत सुटल्या तर?

घनता जुळते, वजन जुळतं, फोटोतली रेषाही दोन्हींवर सरळ, आणि तरी मन ठरत नाही. तेव्हा दोन्हींतली किंचित कडक घ्या. कारण साधं आहे: वरचा आराम नंतर वाढवता येतो, आतला आधार वाढवता येत नाही. कडक वाटली तर एक-दोन इंचाचा लॅटेक्स किंवा मऊ फोमचा थर, ज्याला बाजारात टॉपर म्हणतात, वर टाकला की काम होतं, आणि तो दोन-तीन वर्षांनी बसला तर फक्त तोच बदलायचा. खचणाऱ्या गादीखाली मात्र प्लाय सरकवा, वर गोधड्या घाला, काही करा, मधला झोळ तसाच राहतो.

गुंडाळून, हवा काढलेली गादी आली की ती त्याच दिवशी उघडा, महिनाभर पॅकमध्ये ठेवू नका. पूर्ण फुगायला एक ते तीन दिवस लागतात, रसायनांचा वास असेल तर खिडक्या उघड्या ठेवा. तिसऱ्या दिवशी चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी उंची मोजा, वजन करा आणि दोन्ही आकडे बिलाच्या मागे तारखेसकट लिहून ठेवा. मग पहिले तीन-चार आठवडे निकाल लावू नका; नवा फोम थोडा सैल व्हायचा असतो आणि जुन्या खळग्याची सवय झालेल्या पाठीलाही सपाट झोपायला तेवढा वेळ लागतो.